'शून्यापासून स्वतःचा सर्व्हर' शिकवणाऱ्या सरांचा अनुभव

सर्व्हर शिकवणारे सगळेच भामटे असतात असं माझं म्हणणं नाही. पण मला ज्या पद्धतीने गंडवलं गेलं, ती शिकाऊ माणसाच्या मापाने इतकी बरोबर बेतलेली आहे की आणखी कितीतरी जण आत्ता तिच्यात अडकलेले असतील आणि त्यांना पत्ताही नसेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

तयार साच्यात मजकूर भरून साइट बनवायचा मला कंटाळा आला होता. लिनक्स कसं चालतं, डोमेनचं नाव टाकल्यावर ब्राउझर नेमका आपल्याच मशीनपर्यंत कसा पोचतो, हे हाताने करून बघायचं होतं. म्हणून 'शून्यापासून स्वतःचा सर्व्हर' शिकवणाऱ्या एका सरांकडे शिकायला लागले. त्यांच्या फीमध्ये सगळंच होतं: डोमेन (साइटचं नाव), व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), एसएसएल प्रमाणपत्र (साइटशी सुरक्षित जोडणीसाठी लागणारं), बॅकअप आणि शंका विचारायला ग्रुप. "तुम्ही फक्त शिकण्याकडे लक्ष द्या, बाकीची कटकट माझ्याकडे," असं ते म्हणायचे. त्या बाकीच्या कटकटीतच सगळी मेख होती.

पहिल्याच धड्यात एक लांबलचक ओळ मिळाली. कर्ल (नेटवरून फाइल उतरवणारी कमांड) वापरून सरांच्या साइटवरून स्क्रिप्ट उतरवायची आणि पाइप लावून ती थेट 'सुडो बॅश'च्या हवाली करायची. म्हणजे आत काय आहे ते न बघता रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवायची. "यात काय आहे सर?" असं विचारलं तर उत्तर आलं, "ते शेवटच्या धड्यात. आत्ता एंटर दाबा." ओळी झरझर वर सरकल्या, शेवटी हिरव्या अक्षरांत 'सक्सेस' आलं, ब्राउझरमध्ये एन्जिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरचं स्वागताचं पान उघडलं आणि ग्रुपवर टाळ्या पडल्या. अशा एका ओळीच्या कमांड चांगल्या चांगल्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानांवरही असतात, त्यामुळे तेवढ्यावरून कुणी संशय घेत नाही. पण तिथली स्क्रिप्ट निदान उघडून वाचता येते. सरांच्या स्क्रिप्टचा मधला मोठा भाग बेस६४ या सांकेतिक रूपात गुंडाळलेला होता. उघडली तरी नुसती अक्षरांची रास. साधं एन्जिनएक्स बसवायला कुणी काही गुंडाळून ठेवत नाही.

खरा धंदा त्यानंतर सुरू झाला, आणि तो भीतीवर चालायचा. एका धड्यात सरांनी स्क्रीन शेअर करायला लावून ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद, उघडायला सांगितला. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट', खाली पुन्हा तेच, मग 'इनव्हॅलिड यूझर अ‍ॅडमिन', मग 'टेस्ट', 'ओरॅकल'. दर काही सेकंदांनी नवी ओळ, नवा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता). "बघा, तुमच्यावर हल्ला चालू आहे. तुमच्या साइटवर कुणाचा तरी डोळा आहे." पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. लगेच सुरक्षा पॅकेज पुढे आलं, दरमहा पैसे भरायचं.

आता खरं काय ते सांगते. कुठल्याही सार्वजनिक आयपीवर २२ नंबरचं पोर्ट (एसएसएचने दुरून लॉगिन करायचं दार) उघडं ठेवा, थोड्याच वेळात लॉगमध्ये असाच मजकूर दिसू लागेल. आयपीव्ही४ या पद्धतीचे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ते रात्रंदिवस चाळत असतात. साइट कुणाची, त्यावर काय आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. यावरचा उपाय फुकट आहे. आपल्या मशीनवर एसएसएच-कीजेनने पासवर्डऐवजी वापरायच्या कीची (डिजिटल किल्लीची) जोडी तयार करायची, त्यातली पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची, प्रायव्हेट की कुणालाही द्यायची नाही, अगदी सरांनाही. मग एसएसएचडीच्या (सर्व्हरवरच्या एसएसएच सर्व्हिसच्या) कॉन्फिगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन'पुढे 'नो' लिहून सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय ना, हे बघून मगच जुनी बंद करायची. बॉट दार वाजवत राहतात, पण ओळखायला पासवर्डच उरत नाही. सरांच्या पॅकेजमध्ये फक्त फेल२बॅन (सतत चुकीचे प्रयत्न करणारे आयपी अडवणारं सॉफ्टवेअर) होतं, तेही मोफत मिळणारं. पासवर्डने लॉगिन करण्याची सोय मात्र त्यांनी मुद्दाम चालू ठेवली होती. ती बंद केली तर पुढच्या महिन्यात भीती दाखवायला लॉग कुठून आणणार?

प्रमाणपत्राचंही तसंच. दर तीन महिन्यांनी 'नूतनीकरण शुल्क'. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून प्रमाणपत्र उघडलं की ते कुणी दिलंय ते दिसतं. माझ्या प्रमाणपत्रावर नाव होतं लेट्स एन्क्रिप्टचं. ही ना-नफा संस्था २०१५ च्या अखेरीपासून सगळ्यांना फुकट प्रमाणपत्रं देते. माझ्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची होती आणि सर्टबॉट हा मोफत प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो. विषय संपला.

काही काळाने साइट रखडायला लागली. पान उघडायला लागणारा वेळ बघता कुणी म्हणालं असतं गर्दी वाढली, पण अ‍ॅक्सेस लॉगमध्ये माझ्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. टॉप ही चालू प्रोसेस दाखवणारी कमांड चालवली तर 'केवर्कर' नावाची प्रोसेस सीपीयू जवळजवळ पूर्ण खात होती. केवर्कर हे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) धाग्यांचं, म्हणजे आतल्या कामांचं, खरंखुरं नाव आहे, त्यामुळे नवखा माणूस बघून पुढे जातो. पण कर्नलच्या धाग्यामागे डिस्कवरची फाइल नसते. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'एक्सई' ही लिंक असते. ती कुठे जाते ते बघितलं. खऱ्या धाग्याची कुठेच जात नाही. माझी गेली व्हार टेम्पमधल्या एका लपवलेल्या फाइलकडे. तिच्या शेजारीच सेटिंगची फाइल होती, त्यात मोनेरो या आभासी चलनाच्या मायनिंग पूलचा (अनेक मशीनची ताकद एकत्र लावून ते चलन कमावणाऱ्या ठिकाणाचा) पत्ता. प्रोसेस मारली की थोड्या वेळात पुन्हा उभी राहायची, कारण रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (ठराविक वेळी आपोआप चालायच्या कामांच्या यादीत) तिला उठवणारी ओळ होती. ती ओळ जिथून फाइल उतरवत होती तो पत्ता सरांच्याच साइटचा. एवढं झाल्यावर रूटच्या ऑथराइज्ड कीजची, म्हणजे कुठल्या कीने आत येता येतं त्या यादीची, फाइल उघडली. तिथे माझी एकच की असायला हवी होती. होत्या दोन. दुसऱ्या ओळीच्या शेवटी टिप्पणी होती 'सपोर्ट'.

थोडक्यात, व्हीपीएसचं भाडं फीतून मी भरत होते आणि त्यावरची कमाई सर करत होते. भाड्यातही त्यांचा वाटा असणारच, पण ते मला सिद्ध करता आलेलं नाही.

डोमेनचा प्रकार सगळ्यात वाईट निघाला. २०१८ नंतर बहुतेक डोमेनच्या हूइज नोंदीत (डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत) मालकाचं नाव झाकलेलंच असतं, त्यामुळे नुसतं तिथे बघून मालक कोण ते कळत नाही. कसोटी एकच: डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आहे तिथे आपल्या ईमेलने, आपल्या पासवर्डने शिरता येतं का? मला येत नव्हतं, कारण नोंदणीच सरांच्या खात्यात, सरांच्या नावावर होती. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅनचा (डोमेनच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) नियम आहे की नोंदणीधारकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने ५ दिवसांत ट्रान्सफर कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला लागणारा) द्यायचा. पण कागदोपत्री नोंदणीधारक मी नव्हतेच. ट्रेडमार्क नसताना डोमेनच्या वादांसाठीच्या आयकॅनच्या प्रक्रियेकडेही जाता येत नाही. मी जाब विचारला तेव्हा सरांनी कोडची किंमत सांगितली, ती सगळ्या फीपेक्षा जास्त. मी नकार दिला. संध्याकाळी साइट कोरी. ग्रुपमधूनही नाव उडालं. 'फीमध्ये समाविष्ट' असलेला बॅकअप त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर होता, तोही गेला. वाचलं ते डेटाबेसच्या डंपमुळे (पूर्ण प्रतीमुळे), जो मी सरावासाठी आपल्या लॅपटॉपवर उतरवून ठेवला होता. शेवटच्या हप्त्याची तक्रार बँकेकडे केली, तेवढी रक्कम परत आली, आधीची नाही.

आता नवं डोमेन माझ्या खात्यात आहे आणि सर्व्हर कोऱ्या डेबियनवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) पुन्हा उभा केला. जुना साफ करून वापरता आला नसता का, असं काहींनी विचारलं. नाही. ज्याच्याकडे रूट होतं त्याने आणखी कुठे काय ठेवलंय हे त्याच मशीनला विचारून कळत नाही. उत्तर देणाऱ्या कमांडही त्याने बदललेल्या असू शकतात. जुन्या सर्व्हरवरून मजकूर आणि चित्रं तेवढी घ्यावीत, स्क्रिप्ट आणि सेटिंग नव्याने लिहावीत.

तुमचा सर्व्हर कुणी असाच 'लावून' दिला असेल आणि ऑथराइज्ड कीजमध्ये अनोळखी ओळ दिसली, तर लगेच भांडू नका, ती ओळ पुसूही नका. समोरच्याकडे अजून रूट आहे आणि डोमेनही. आधी डेटाबेस आणि फाइली स्वतःच्या मशीनवर उतरवा, उतरवलेलं उघडतंय ना ते पाहा. मग रजिस्ट्रार बदलून स्वस्त पडतंय, असं काहीतरी साधं कारण सांगून डोमेनचा ट्रान्सफर कोड मागा. डोमेन तुमच्या खात्यात दिसू लागलं, साइट नव्या सर्व्हरवर चालू झाली, की मग काय बोलायचं ते बोला. पोलिसांच्या सायबर विभागाकडे जाणार असाल तर क्रॉनटॅब, ऑथराइज्ड कीज आणि पैसे दिल्याच्या पावत्या यांच्या प्रती तारखेसकट आधीच काढून ठेवा. मी जाईपर्यंत माझ्याकडे फक्त पावत्या उरल्या होत्या.