दहा इंची स्टुडिओ सबवूफर, अकरा महिन्यांनंतर: तक्रार मुख्यतः मागच्या बटणाची

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, घुमतो, अशी तक्रार मी गेल्या आठवड्यात सेवा केंद्राकडे केली. त्यावर तिथल्या गृहस्थांनी ‘प्लगची मोठी पिन काढून टाका, आवाज जाईल’ हा तोडगा इतक्या सहजपणे सांगितला, की मी तो त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला. मोठी पिन म्हणजे अर्थिंग. ती काढल्यावर घुमणे कदाचित थांबेल, पण आत काही बिघडून वीज धातूच्या पाठीवर उतरली तर तिला जायला माझ्या हाताखेरीज वाट राहणार नाही. पिन मी काढली नाही, हा अनुभव मात्र लिहायला बसलो.

माझे काम निवेदनाचे संपादन आणि अधूनमधून भजनांचे मिश्रण (मिक्सिंग). ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतली १२ बाय १० फुटांची खोली हाच माझा स्टुडिओ. पहिले दोन महिने सबवूफर कोपऱ्यात होता, कारण जागा तेवढीच होती. एक स्वर अंगावर येई आणि त्याच्या शेजारचा गायब होई. १२ फुटांच्या लांबीला पहिला अनुनाद, म्हणजे खोली आपणहून फुगवते तो सूर, साधारण ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपने) पडतो आणि कोपरा त्याला आणखी चिथावतो. भिंतीवर चिकटवलेल्या दोन इंची फोमचा इथे उपयोग नाही, कारण ही लाट सात मीटरांहून लांब असते; फोमवर घातलेले पैसे वाया गेले, हे मी अजून विसरलेलो नाही.

उपाय फुकटचा निघाला. सबवूफर माझ्या बसण्याच्या जागी ठेवला, चढत्या स्वरांची बासची ओळ लावली आणि स्वतः चार पायांवर भिंतीकडेने रांगत ऐकत गेलो. आईने दारातून विचारले, ‘कुणाचं कानातलं पडलंय का रे?’ समोरच्या भिंतीला लागून, कोपऱ्यापासून अडीच फुटांवर, सगळे स्वर जवळजवळ सारखे ऐकू आले, तेव्हा वजन दोघांनी उचलून तिथे ठेवले. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरने वाजवायचे ती सीमा, ८० हर्ट्झला लावला, ८० हर्ट्झचाच सूर वाजवून फेजचे, म्हणजे सबवूफरची लाट मुख्य स्पीकरांशी जुळवण्याचे, बटण शून्य आणि १८० असे फिरवून पाहिले आणि बसल्या जागी ज्यात आवाज मोठा येत होता ते कायम केले. त्या दिवसापासून पखवाजाच्या धुमेचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, आवाज आणि त्यावर थापलेल्या कणकेचा लगदा हे दोन्ही मला वेगवेगळे ऐकू येतात, असे म्हटले तरी चालेल.

आता मागच्या, झोपेच्या बटणाविषयी. वीस मिनिटे पुरेसा सिग्नल मिळाला नाही की हा यंत्रोबा आपणहून झोपतो. विजेची बचत म्हणून मला ही सोय सुरुवातीला फार आवडली होती. रात्री आवाज हळू ठेवला, की सिग्नल त्याच्या जागे होण्याच्या उंबरठ्याखालीच राहतो. एका रात्री तासभर निवेदन कापून मी एका भजनाकडे वळलो, खालच्या स्वरांना काहीच वजन नाही असे वाटले म्हणून ६० हर्ट्झला चार डेसिबल वाढवले आणि फाइल डोंबिवलीच्या ग्राहकांना पाठवून दिली. सकाळी त्यांचा फोन आला, की गाडीचे दरवाजे थरथरत आहेत. सबवूफर रात्रभर झोपलेला होता, त्याचा दिवा टेबलाखाली असल्यामुळे मला दिसला नव्हता आणि ते काम मी पदरमोड करून पुन्हा करून दिले. झोप बंद करण्याचे बटण पाठीमागे आहे, पाठ भिंतीला आहे. म्हणजे प्रत्येक वेळी सबवूफर ओढा, चाचपडा, पुन्हा ढकला. शेवटी वॅटमीटर लावून पाहिले: जागा आणि शांत असताना तो सुमारे १८ वॅट घेतो. रोज आठ तास धरले तरी महिन्याला साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत. एवढ्यासाठी मी सहा महिने वाकत होतो.

इथपर्यंतचा मजकूर शनिवारी लिहिला होता आणि शेवट ‘घेऊ नका’ असा करायचा ठरवले होते. रविवारी वायरमन आला. मागच्या धातूवर उलटा हात टेकला की बारीक झिणझिण्या येतात, हे मी त्याला सांगताच त्याने सबवूफरला हात न लावता थेट भिंतीतले सॉकेट तपासले. विजेची फेज तार आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत, तिथे मीटरवर ११० च्या आगेमागे आकडा नाचत होता. सॉकेटची अर्थिंगची तार बोर्डामागे सुटून लोंबत होती, बहुधा मी घर घेण्याच्याही आधीपासून. तार जोडून घेतली आणि इंटरफेस (संगणकाचा आवाज स्पीकरांना देणारी पेटी) व सबवूफरमधली साधी आरसीए केबल काढून बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत शिरणारा गोंगाट गाळणारी, घातली; घुमणे संपले, झिणझिण्याही संपल्या. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, आणि पिन काढली असती तर तो कधी सापडलाही नसता.

नव्याने घेणाऱ्यांनी प्लग लावण्यापूर्वी मागचा व्होल्टेजचा खटका २३० वर आहे ना, हे पाहावे. ११५ वर असताना लावला तर अॅम्प्लिफायर जाऊ शकतो. चालू करताना आधी इंटरफेस, शेवटी सबवूफर. बंद करताना उलट. लाइट गेली की तो आधी बंद करावा, कारण ती परत येताना बसणारा धक्का स्पीकरच्या शंकूला (हलणाऱ्या पडद्याला) सोसावा लागतो. खाली रबरी पाया घातल्यावर खालच्या काकांच्या कपाटाच्या काचा कमी वाजतात, पण वाजतात; म्हणून रात्री दहानंतर मी हेडफोनच लावतो.

काल सेवा केंद्राचा संदेश आला, की तक्रार समाधानकारकपणे निवारण झाली असून मी पाचपैकी गुण द्यावेत. सबवूफरला मी चार दिले असते, बटण पुढे असते तर पाच. त्या गृहस्थांसाठी वेगळा रकाना नव्हता.