जर्मनीत घर भाड्याने घेताना आमची झालेली फसवणूक

माझ्या यजमानांना म्युनिकमध्ये नोकरी मिळाली तेव्हा आमची मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची होती. एवढ्या लहान पोरीला घेऊन हॉटेलात राहायचे नाही, पुण्यातून निघण्याआधीच घर ठरलेले हवे, हा हट्ट माझा होता. तिच्यासाठी मऊ भात शिजवता येईल आणि दुपारी पडदे ओढून तिला निजवता येईल, एवढीच माझी अपेक्षा होती. त्या हट्टापायी आमचे ३,३०० युरो, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ तीन लाख रुपये गेले.

जाहिरातीत दोन खोल्यांचे सामानासह घर, सगळा खर्च धरून महिना ११०० युरोंना होते. म्युनिकमध्ये तशा घराला याच्या दीडपट तरी भाडे पडते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. मालक म्हणवणाऱ्या माणसाने आपण कामानिमित्त लंडनला असतो, म्हणून घर दाखवायला येता येणार नाही, असे लिहिले. त्याची पत्रे अतिशय अदबशीर असत. मुलीचे वय त्याने आपणहून विचारले, इमारतीच्या अंगणात मुलांसाठी वाळूचा खड्डा आहे असे कळवले, आणि आधीच्या भाडेकरूंचा निळा पाळणा तसाच ठेवू का, असेही विचारले. ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर मी एकही शंका काढली नाही. घराची खरी गरज कोणाला आहे हे त्याने नेमके हेरले होते, आणि ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे त्यांनी माझ्या अनुभवातली हीच गोष्ट सर्वांत जास्त लक्षात ठेवावी, असे मला वाटते.

त्याने आमचे पासपोर्ट आणि नोकरीचे पत्र मागवून घेतले आणि विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टची प्रतही पाठवली. मग जर्मन भाषेतला करारनामा आला आणि त्यासोबत निरोप की दोन महिन्यांची अनामत व पहिले भाडे जमा होताच किल्ल्या कुरिअरने पुण्याला निघतील. खाते क्रमांकाची सुरुवात 'ईएस' या अक्षरांनी होती, म्हणजे खाते स्पेनमधले होते. जर्मन खात्याचा क्रमांक 'डीई'ने सुरू होतो. आम्ही विचारले तेव्हा बायको स्पॅनिश असल्याचे उत्तर मिळाले आणि आम्ही ते खरे मानले. पैसे पोहोचल्यावर कुरिअरचा एक क्रमांक आला, जो कुठेच उघडला नाही, आणि आमच्या उड्डाणाच्या आदल्या दिवसापासून पत्रांना उत्तर येणे थांबले. तरीही, पत्ता तर खरा आहे, या आशेवर आम्ही निघालो.

जर्मनीत दाराच्या घंटेशेजारी कुटुंबाचे आडनाव लिहिलेले असते आणि टपालही त्या नावावरच येते. त्या इमारतीच्या दाराशी, चार बॅगा आणि बाबागाडीत झोपलेली मुलगी घेऊन, आम्ही बारा नावे वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. करारनाम्यावरचे नाव त्यांत नव्हते. तळमजल्यावरच्या आजींनी आमच्या फोनवरचे फोटो बघितले आणि असे घर या इमारतीत नाहीच, असे हलक्या आवाजात सांगितले. मागच्या अंगणात वाळूचा खड्डाही नव्हता.

त्या रात्री यजमानांच्या कार्यालयातल्या एका मराठी सहकाऱ्याने आम्हाला आपल्या घरी नेले आणि तिथे आम्ही नऊ दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. मालकाच्या पासपोर्टची प्रत बहुधा आधी फसलेल्या कोणाची तरी असावी, असे तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले, तेव्हा आमचे पासपोर्ट आता कोणाला दाखवले जात असतील, या विचाराने माझे हातपाय गार पडले. पुण्याच्या बँकेने पैसे परत मागवण्याचा प्रयत्न केला, पण खाते आधीच रिकामे झाले होते.

नुकसान पैशांवर थांबले नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला तिथले आपले लोकही 'आनमेल्डुंग'च म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचे पत्र लागते, आणि ते आमच्याकडे नव्हते. नोंदणी नाही म्हणून करक्रमांक आला नाही, आणि करक्रमांकाशिवाय मुलांसाठीचा सरकारी भत्ताही अडला.

जर्मन दिवाणी कायद्याचे कलम ५५१ मला आधी माहीत असते, तर कदाचित मी थांबले असते. अनामत मूळ भाड्याच्या तीन पटींहून जास्त घेता येत नाही, ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, आणि पहिला हप्तासुद्धा भाडेकरार सुरू होतो तेव्हाच देय होतो. म्हणजे किल्लीआधी सगळी रक्कम मागणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता.

पुढे आम्ही दोन महिन्यांसाठी तात्पुरते सामानासहित घर घेतले आणि पत्त्याच्या नोंदणीचे पत्र मिळेल, हे आधी लेखी मागून घेतले. मूल लहान असले तरी सुरुवात अशीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी मुलगी तिथे तिसऱ्या रात्रीपासून शांत झोपू लागली. कायमचे घर आम्ही तिघांनी आत उभे राहून, नळ सोडून, खिडक्या उघडून बघितले आणि मगच सही केली.

नोव्हेंबरात तेच फोटो मला श्टुटगार्टच्या एका जाहिरातीत दिसले, आणि मी ती जाहिरात लगेच पोलिसांना कळवली. पिवळे पडदे, खिडकीशी निळा पाळणा आणि भिंतीवर लाकडी घड्याळ, असे घर कोणी तुम्हाला दाखवत असेल, तर कृपा करून एक पैसाही पाठवू नका.