जुन्या कपड्यांची विक्री घटलीय: भाव उतरवायचा, बाजार बदलायचा की दोन्हीकडे माल मांडायचा?

मी वापरलेले कपडे ऑनलाइन बाजारांत विकते. माझी विक्री एका महिन्यात निम्म्यावर आली तेव्हा मी पहिली चूक केली ती भाव पाडण्याची. एका संध्याकाळी बसले आणि 140 नगांचे भाव सरसकट 30 टक्क्यांनी उतरवले. पुढच्या दहा दिवसांत तीन नग गेले. तेही जुन्याच भावाला गेले असते, कारण तिन्हींवर आधीपासून लाइक होते. उरलेल्या 137 नगांचे व्ह्यूज होते तिथेच राहिले. ज्याला कपडा दिसतच नाही, त्याला तो स्वस्त काय नि महाग काय!

तेव्हापासून कुणी विचारलं, की ‘विक्री थंडावलीय, काय करू?’, तर मी आधी उलट विचारते: नेमकं काय घटलंय? कारण ‘विक्री घटली’ या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी असतात. एक, माल कुणाला दिसतच नाही. दोन, दिसतो, लाइक होतो, पण कुणी घेत नाही. तीन, घेतात, पण कमिशन, पाकीट आणि वेळ वजा करता हातात काही उरत नाही. खाली ज्या वाटा मी शेजारीशेजारी ठेवणार आहे, त्यांतली प्रत्येक यांपैकी एखाद्याच दुखण्यावर चालते. म्हणून अजून काहीही बदलू नका. मागच्या तीन महिन्यांचे व्ह्यूज, लाइक आणि विक्री एका कागदावर मांडा, आणि जमलं तर त्याशेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांचे आकडे लिहा. उन्हाळ्याच्या तोंडावर लोकरीचे कोट पडून राहिले तर ती मंदी नव्हे.

भाव उतरवणं

ही सगळ्यांत सोपी वाट, म्हणून सगळे आधी हिच्याकडेच वळतात. दुसऱ्या दुखण्यावर ती खरंच लागू पडते: व्ह्यूज आहेत, लाइक आहेत, गाडी फक्त शेवटच्या पायरीवर अडलीय. पण तेव्हाही सरसकट भाव पाडू नये. ज्यांनी लाइक केलंय त्यांनाच ऑफर पाठवावी. पॉशमार्क या अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या ऑनलाइन बाजारात अशी ऑफर किमान 10 टक्के कमी असावी लागते आणि कुरियरच्या खर्चातही सूट द्यावी लागते. म्हणजे मूळ भाव लावतानाच ही दहा-पंधरा टक्क्यांची जागा ठेवलेली बरी.

भाव ठरवताना दुसऱ्यांनी काय लावलाय ते बघू नका. तो कपडा खरंच कितीला गेलाय ते बघा. ईबेवर ‘विकलेले’ असा फिल्टर लावला, की साधारण 90 दिवसांतली विक्री दिसते. एक ओळखीचा ब्रँड, तोच साइझ, तोच प्रकार शोधा. विक्रीला 400 नग पडलेत आणि 90 दिवसांत 40 गेलेत, असं दिसलं तर दहाला एक. अशा मालात भाव पाडून तुम्ही फक्त रांगेत पुढे सरकता. उद्या मागचाही तेच करतो आणि सगळेच मिळून खड्ड्यात जातात. उलट 30 पडलेत आणि 40 गेलेत, तर भावाला हात लावायचं कारणच नाही. दोष फोटोत किंवा शीर्षकात आहे.

निम्म्या भावाच्या ऑफर पाठवणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणते, की सरसकट उतरवलेला भाव या मंडळींना बोलावणं धाडतो. तुम्ही 100 वरून 70 वर आलात की ते 35 म्हणतात. भीक नको पण कुत्रा आवर, अशी वेळ येते.

नव्याने मांडणं

पहिल्या दुखण्याचं औषध हे. बहुतेक बाजारांत नव्या लिस्टिंगला, म्हणजे विक्रीला टाकलेल्या नगाच्या पानाला, सुरुवातीला थोडं वर ठेवलं जातं, किंवा गिऱ्हाईकच ‘नवीन आधी’ असं लावून बघतात. सात-आठ महिने पडून असलेला कपडा तिथे खोल गाळात गेलेला असतो. जुनी लिस्टिंग काढून, नवे फोटो घेऊन, शीर्षक बदलून परत टाकायची. तेच फोटो, तोच मजकूर रोज काढून रोज टाकणं मात्र टाळा. बऱ्याच बाजारांना ते खपत नाही.

हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात भाव पाडण्यापेक्षा याने जास्त हलतं. एक डेनिम जॅकेट माझ्याकडे पाच महिने लोळत होतं. शीर्षक होतं: ‘सुंदर निळं जॅकेट, एकदम छान’. ‘सुंदर’ असा शब्द टाकून जॅकेट कोण शोधतं? ईबेवर शीर्षकाला 80 अक्षरं मिळतात, त्यांतली निम्मी मी कौतुकात घालवली होती. नव्याने लिहिलं: ब्रँड, पुरुषांचं, साइझ, डेनिम, गडद निळं, आतून शेर्पा अस्तर. खाली मापं दिली: काखेपासून काखेपर्यंत 53 सेंमी, पाठीची लांबी 66, बाही 62. मग दोष: डाव्या कफचं बटण बदललेलं आहे, कॉलरच्या आत घडीवर रंग किंचित उडालाय. त्या उडालेल्या रंगाचा वेगळा फोटो, खिडकीजवळ, फ्लॅश न मारता. जॅकेट नऊ दिवसांत गेलं, त्याच भावाला. घेणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, तोही बटणाबद्दल.

बाजार बदलणं

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. दुसऱ्याची नव्हे, स्वतःची.

‘तिकडे कमिशन शून्य आहे’ असं ऐकून सगळं उचलून तिकडे जाण्याचा मोह होतो. आधी हिशेब करू. जॅकेटचा भाव 100 धरा. पॉशमार्कवर, अगदी स्वस्त नग सोडले तर, 20 टक्के जातात, हातात 80. व्हिंटेड हा युरोपातला तसाच बाजार विकणाऱ्याकडून काही घेत नाही; हातात 100. डिपॉप या तिसऱ्या बाजाराने 2024 मध्ये ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत आपलं 10 टक्के कमिशन काढून टाकलं. पैसे वळते करण्याचे सुमारे 3 टक्के आणि वर थोडी ठरलेली रक्कम तेवढी कापली जाते. ईबेचं गणित देशागणिक वेगळं: ब्रिटनमध्ये खासगी विक्रेत्याला ऑक्टोबर 2024 पासून कमिशन नाही, अमेरिकेत कपड्यांवर 13 टक्क्यांच्या वर जातं.

कागदावर व्हिंटेड जिंकलं. पण हा खर्च हवेत विरत नाही, तो पलीकडच्या माणसावर पडतो. व्हिंटेडवर घेणाऱ्याला संरक्षण म्हणून साधारण 5 टक्के आणि वर ठरलेली रक्कम द्यावी लागते, शिवाय कुरियर. ईबेनेही ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2025 पासून घेणाऱ्यावर असंच शुल्क लावलं. गिऱ्हाईकाच्या डोक्यात एकच आकडा असतो: घरी येईपर्यंत मला हे कितीला पडलं? तो आकडा 110 असेल, तर तुमच्या 100 वर तो 92 ची ऑफर देणार. कमिशन गेलं, पण त्यासोबत भावही खाली आला.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पॉशमार्कने कमिशनचा काही भार घेणाऱ्याकडे सरकवला. विक्रेत्यांनी ऑर्डरी आटल्याचा गिल्ला केला आणि काही आठवड्यांतच कंपनीने जुनी पद्धत परत आणली. अमेरिकेत मर्कारी या आणखी एका बाजाराने मार्च 2024 मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं. जानेवारी 2025 मध्ये 10 टक्के परत आले. आज ज्या नियमाच्या भरवशावर तुम्ही दुकान हलवाल, तो नियम वर्षभर टिकेलच असं नाही. शिवाय जुन्या जागी जमवलेले रिव्ह्यू आणि फॉलोअर सोबत नेता येत नाहीत, हेही मोजा.

मग बाजार बदलायचाच नाही का? बदलायचा, पण कमिशन बघून नाही, गिऱ्हाईक बघून. 2021 मध्ये एट्सी या कंपनीने डिपॉप विकत घेतलं तेव्हा डिपॉपचे सुमारे 90 टक्के सक्रिय वापरकर्ते 26 वर्षांखालचे होते. तिथे नव्वदीतली कमी उंचीची जीन्स, आखूड टॉप, अंगावर घालून काढलेला फोटो चालतो. ऑफिसला घालायचा साधा फॉर्मल शर्ट तिथे मान टाकतो. रोजच्या वापरातले ब्रँड आणि लहान मुलांचे कपडे यांना व्हिंटेड बरं. आपल्याला नेमकं काय हवंय हे ठाऊक असलेला माणूस, म्हणजे अमुक मॉडेलचा बूट, तमुक वर्षाचं जॅकेट, ईबेवर शोधतो. महागडं, खऱ्या-खोट्याची तपासणी लागणारं काही असेल, तर व्हेस्टिएर कलेक्टिव्ह किंवा रिअलरिअल. पण व्हेस्टिएरने नोव्हेंबर 2022 पासून फास्ट फॅशनचे, म्हणजे झटपट आणि स्वस्तात कपडे काढणारे, ब्रँड टप्प्याटप्प्याने बंद केलेत, तेव्हा तिथे काय चालतं ते आधी बघा.

दोन-तीन ठिकाणी एकदम

माल कुणाला दिसतच नसेल तर ही दुसरी वाट, आणि मांडणी नीट असेल तर चांगली. एकच फोटो, एकच मजकूर, तीन बाजार. वेंडू किंवा लिस्ट परफेक्टलीसारखी साधनं लिस्टिंगची नक्कल करून देतात, महिन्याला पैसे घेतात. वीस-पंचवीस नगांसाठी ती घेऊ नका. वहीत रेघ मारून भागतं.

धोका एकच, पण खरा. एक कोट माझ्याकडून एकाच रात्री दोन ठिकाणी गेला. सकाळी उठून एक ऑर्डर रद्द केली, माफी मागितली, तरी एका तारेचा रिव्ह्यू पडायचा तो पडलाच. त्या बाजाराचं नाव घेत नाही, चूक माझी होती: विकलं की बाकीच्या जागी लगेच काढायचं हे मी ‘सकाळी करू’वर टाकलं होतं. झोपेचं काही सांगता येत नसेल तर सगळा माल नको, जो सहा महिने हललेला नाही तोच दुसरीकडे मांडा. तो एकाच रात्री दोनदा जाईल अशी भीती फारशी नसते.

पैसे मोजून वर चढणं

ईबेच्या साध्या प्रमोशनमध्ये जाहिरातीचा टक्का विक्री झाली तरच जातो, क्लिकमागे पैसे घेणारा प्रकार वेगळा. व्हिंटेडवर नग वर आणायचे पैसे आधीच जातात, विकला जावो न जावो. पहिला प्रकार जोखमीचा नाही, पण टक्का नफ्यातून जातो हे विसरायला होतं. आधीच पैसे देण्याचा प्रकार मी फक्त ऐन हंगामात, आणि चांगल्या भावाच्या नगावर वापरते. फोटो वाईट असताना जाहिरात करणं म्हणजे वाईट फोटो जास्त लोकांना दाखवणं.

माल दुसऱ्याच्या हाती सोपवणं

थ्रेडअपसारख्या ठिकाणी पिशवी भरून पाठवायची. फोटो, भाव, विक्री सगळं ते बघतात आणि विकल्यावर हिस्सा देतात. स्वस्त कपड्यांवर हा हिस्सा इतका कमी असतो, की पहिल्यांदा बघून हसू येतं. मीही हसले होते. मग घड्याळ लावलं: एक शर्ट धुणं, इस्त्री, सहा फोटो, मापं, मजकूर, दोन प्रश्नांची उत्तरं, पाकीट आणि कुरियरपर्यंतची खेप. 34 मिनिटं. स्वस्तातल्या टी-शर्टावर एवढी मिनिटं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिसऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, कमिशनमध्ये नाही.

कपाट रिकामं करणाऱ्यासाठी ही वाट ठीक आहे. विकण्यासाठी माल विकत आणणाऱ्याने मात्र इकडे वळू नये. खरेदीचे पैसेही निघणार नाहीत.

आता ज्यावर तुमचा-माझा इलाज नाही ते. शीनसारख्या फास्ट फॅशनच्या ऑनलाइन कंपन्यांनी नवा टॉप इतका स्वस्त केलाय, की त्याच प्रकारचा वापरलेला टॉप कुणी का घ्यावा, याला उत्तर नाही. अमेरिकेने चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या छोट्या पार्सलांची करमाफी मे 2025 मध्ये आणि बाकी देशांची ऑगस्टमध्ये काढली, त्याने तिथला नवा माल थोडा महागला असेल. पण परदेशी गिऱ्हाईकाला जुना शर्ट पाठवणारे विक्रेतेही त्याच नियमात सापडले. त्यात विकणारेही वाढलेत. म्हणून फास्ट फॅशनचा नग मी आता विकायला आणतच नाही. घरातला असेल तर पाच-सहाचा गठ्ठा करते, एकाच साइझचा, एकच पाकीट, एकच लिस्टिंग.

माझा सध्याचा क्रम असा आहे. 60 दिवसांत व्ह्यूजच नाहीत, तर नवे फोटो आणि नवं शीर्षक. त्यानंतरही 30 दिवस शांतता, तर दुसरा बाजार. लाइक आहेत पण विक्री नाही, तर त्या लोकांनाच ऑफर, दोनदा. मग गठ्ठा. गठ्ठाही गेला नाही तर दान, आणि वहीत त्या ब्रँडपुढे फुली. गेल्या आठवड्यात त्या 140 पैकी उरलेले 22 नग काढले. त्यांतले 19 एकाच स्वस्त ब्रँडचे टॉप निघाले, म्हणजे 30 टक्के उतरवूनही न गेलेले हेच.