आधी मिशा बघा, मग पैसे पाठवा

आमच्या घरातल्या मांजराचं नाव कुरळ्या आणि त्याच्या अंगावर कुरळा केस औषधालाही नाही. साडेबावीस हजार रुपये, दोन महिन्यांचं औषधपाणी आणि घरातल्या तिघांच्या अंगावर उठलेलं गजकर्ण, एवढं झाल्यावर उरलेली वस्तू म्हणजे हे नाव. लाजेपोटी चार महिने कुणाजवळ बोललो नाही. हे मांजर मला ऑनलाइन ज्यानं विकलं, त्याच माणसाची गेल्या आठवड्यात नवी जाहिरात दिसली, म्हणून लिहायला बसलो.

मी धुळ्याचा. देवपुरात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. "ओटीपी कुणाला सांगू नका, लिंक उघडू नका" हे दिवसातून दहा वेळा लोकांना सांगणारा मी. तेव्हा मोबाइल समजत नाही म्हणून फसलो, असं म्हणायची सोय नाही.

लेक नऊ वर्षांची. तिला मांजराचं भारी वेड, पण शेजारची मनी मांडीवर घेतली की शिंका सुरू आणि डोळे लाल. म्हणून मी "ॲलर्जी न होणारं मांजर" असं शोधत बसलो, आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात समोर आली. 'डेव्हन रेक्स पिल्लू, इम्पोर्टेड लाइन, केस गळत नाहीत, ॲलर्जी नाही.' फोटोत वटवाघळासारखे मोठे कान, बारीक हनुवटी, अंगभर बारीक लाटा. लेकीनं फोटो बघितला आणि विषय संपला.

माणूस बोलायला गोड. "भाऊ, घाई करू नका, आधी जात समजून घ्या," असं म्हणून त्यानं सात-आठ मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवले. 1950 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये एका साध्या मांजरीच्या पिल्लांत एक कुरळं निघालं, त्याचं नाव कॅलिबंकर, त्यापासून कॉर्निश रेक्स झाली. दहा वर्षांनी शेजारच्या डेव्हन परगण्यात बकफास्टली गावी एका बंद पडलेल्या खाणीजवळ कुरळा बोका हिंडायचा, त्याचं पिल्लू कर्ली, त्यापासून डेव्हन रेक्स. लोकांना वाटलं दोन्ही एकच, म्हणून जोडी लावली तर सगळी पिल्लं सरळ केसांची झाली. तेव्हा कळलं, दोन्हींचा कुरळेपणा वेगवेगळ्या जनुकांतून येतो. मी नंतर हे सगळं पडताळून पाहिलं. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. इतकं खरं बोलणारा माणूस पिल्लू खोटं देईल, असं मनातसुद्धा आलं नाही.

ठरले अठरा हजार. पाच हजार बुकिंग, तेरा हजार निघताना. मग निघायच्या दिवशी "एसी बॉक्स आणि हेल्थ सर्टिफिकेट" म्हणून आणखी साडेचार. तोवर पाच देऊन झाले होते आणि लेकीनं वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. दिले.

जानेवारीचा शेवट. पहाटे साडेपाचला पारोळा चौफुलीवर ट्रॅव्हल्सच्या गाडीतून क्लीनरनं एक प्लॅस्टिकची जाळीची टोपली माझ्या हातात दिली. द्राक्षं ठेवतात तसली. एसी बॉक्स तो हाच. आत भुरक्या रंगाचं पिल्लू कुडकुडत बसलेलं. धुळ्याची जानेवारीतली पहाट ज्यानं काढली आहे त्याला थंडीचं सांगायला नको. मी तिथूनच फोन लावला. "भाऊ, रेक्सला थंडी जास्त वाजते, अंगावर केस पातळ असतात ना. उबेत ठेवा." हेही खरंच. रेक्सना ऊब लागते. पण आमचं पिल्लू तापानं फणफणलं होतं, ते संध्याकाळी कळलं.

घरी आल्यावर माझी माय चष्मा लावून बघत बसली. "हाई मांजर शे का मेंढीनं पिल्लू?" अंगावरचे केस खरंच वळलेले होते, पण जरा चिकट, जसे लग्नात नवरदेवाचे बसवलेले असतात. मानेजवळ आणि एका कानामागे रुपयाएवढी टक्कल. मिशा आखूड, तुटक्या. परत फोन. "डेव्हनच्या मिशा ठिसूळ असतात भाऊ, आपोआप तुटतात. आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांची झाली की केस झडून अंग उघडं पडतं, नंतर नवे येतात." इंटरनेटवर बघितलं, अगदी तसंच लिहिलेलं! मला उलट समाधान वाटलं. आपल्याला अस्सल माल मिळाला म्हणून.

तिथेच मी मूर्खात निघालो. पुढेही प्रत्येक वेळी मी त्याचं बोलणं पडताळत राहिलो आणि ते दर वेळी खरं निघत गेलं. पिल्लू मात्र पडताळलंच नाही.

चौथ्या दिवशी बायकोनं त्याला कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसलं. डेव्हनच्या अंगातलं तेल शोषायला केस कमी असल्यानं कातडी तेलकट होते, कानात तपकिरी मळ साचतो, नखांच्या मुळाशीही मेण जमतं, म्हणून मधून मधून पुसावं लागतं. हे मी रात्री जागून वाचलं होतं. ब्रश जोरात फिरवायचा नाही, केस तुटतात, हेही. मी वहीसुद्धा केली होती. फडकं फिरलं आणि फडक्याला पिवळट चिकटा आला. पिल्लू वाळलं तेव्हा पाठीवरचे केस खराट्यासारखे सरळ.

रात्री पुतणी आली. बारावी सायन्सला आहे. तिला पेडिग्री सर्टिफिकेट दाखवलं, परदेशी संस्थेचं नाव, सोनेरी शिक्का. ती वाचता वाचता थांबली. "काका, यात बाप डेव्हन रेक्स लिहिलंय आणि आई पर्शियन."

"मग?"

"डेव्हनचा कुरळा जनुक अप्रभावी असतो. आई-बाप दोघांकडून एकेक आला तरच पिल्लू कुरळं होणार. पर्शियनकडून तो येईल कुठून? दहावीत मेंडेलचा वाटाणा शिकलात ना तुम्ही?"

शिकलो होतो. उंच झाड, बुटकं झाड. पंचवीस वर्षांनी तो वाटाणा असा आडवा येईल असं वाटलं नव्हतं.

फोन लावला. पठ्ठ्या अडखळला नाही. "अरे भाऊ, सॉरी, ऑफिसकडून चुकीचं सर्टिफिकेट गेलं. तो सेल्कर्क रेक्स आहे. त्याला आई-बापांपैकी एकच पुरतो." आणि ऐका, हेसुद्धा खरं! सेल्कर्क रेक्स ही 1987 मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सापडलेल्या एका मांजरीपासूनची जात, तिचा कुरळा जनुक प्रभावी. पर्शियनशी तिचा संकरही होतो. "आणि सेल्कर्कचे लहानपणचे कुरळे केस मध्ये जातात. आठ-दहा महिन्यांचा झाला की परत येतात. थांबा जरा." हेही खरं. आठ-दहा महिने मी थांबलो असतो तर तोपर्यंत त्याचा नंबर बंद झाला असता, एवढंच.

पुतणी तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एकच ओळ पाठवली: सेल्कर्कचे अंगावरचे कुरळे केस गेले तरी मिशा कुरळ्याच असतात, त्या जन्मापासून वळलेल्या असतात.

पिल्लाला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी भिंग घेऊन मिशांची टोकं बघितली. आपोआप तुटलेलं टोक चिरफळतं, ही सगळी टोकं सपाट आणि एका उंचीची होती. "कात्री चालवली आहे," म्हणाले. मग खोलीत अंधार करून एक जांभळा दिवा कानामागच्या टकलावर धरला. केसांच्या बुडाशी सफरचंदासारखा हिरवा उजेड चमकला. मायक्रोस्पोरम नावाची बुरशी. म्हणजे आपलं गजकर्ण. हा उजेड दर वेळी दिसतोच असं नाही, म्हणून त्यांनी केस उपटून तपासणीलाही पाठवले, तोही रिपोर्ट तसाच आला. 'केस झडून नवे येण्याची' अवस्था ती ही.

तोपर्यंत लेकीच्या गळ्यावर गोल चट्टा उठला होता, मग बायकोच्या दंडावर, मग मायच्या मनगटावर. मांजराला तोंडातून औषध, अंगाला गंधकाचं पाणी. घरभर कुजक्या अंड्याचा वास. गाद्या, चादरी, सोफ्याची खोळ सगळं धुऊन उन्हात. या बुरशीचे बीजाणू गळालेल्या केसांत महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून रोज फरशी पुसून काढायची. माय रोज एकदा तरी म्हणायची, "इतला पैसामा म्हैसनी पारडी उनी व्हती." खोटं नाही.

आणि ॲलर्जी? शिंका चालूच. त्या केसांमुळे येतच नाहीत मुळी. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत 'फेल डी 1' नावाचं प्रथिन असतं, मांजर अंग चाटतं तसं ते अंगभर पसरतं आणि वाळून हवेत उडतं. केस कुरळे असोत, सरळ असोत, नसोतच, ते प्रथिन असतंच. रेक्सचे केस घरात कमी पडतात म्हणून काहींना त्रास थोडा कमी वाटत असेल, पण "ॲलर्जी नाही" असं छातीठोक सांगणारा विकणारा तिथेच ओळखावा. जातींबद्दलच्या त्याच्या बोलण्यातलं सरळ सरळ खोटं हे एकच होतं आणि मी पैसे नेमके त्याच्यासाठी मोजले.

आता कुणी विचारेल, मग खरं कसं ओळखायचं. फोटोवर जाऊ नका. फोटो उलटा शोधून बघा. मी नंतर शोधला, तो परदेशातल्या एका पाळणाऱ्याच्या मांजराचा निघाला. व्हिडिओ कॉलवर पिल्लू आणि त्याची आई एकत्र दाखवायला सांगा आणि त्याच कॉलमध्ये ओल्या फडक्यानं पाठ पुसायला सांगा. अस्सल कुरळा केस ओला झाल्यावरही वळतो. मग कॅमेरा मिशांजवळ न्यायला सांगा. केस जेलनं वळवता येतात, मिशा नाही, फार तर कापता येतात. डेव्हन घेत असाल तर त्या जातीत स्नायू अशक्त होण्याचा आनुवंशिक आजार असतो, मान खाली पडते, गिळताना घास अडकतो. त्याची जनुक चाचणी होते. आई-बापांचे रिपोर्ट मागा. खरा पाळणारा या प्रश्नावर चिडत नाही, कागद काढतो. 'इम्पोर्टेड' म्हटलं की प्राणी क्वारंटाइन विभागाचं ना-हरकत पत्र मागा. प्राणी विकण्याचं दुकान चालवणाऱ्याला 2018 च्या नियमांप्रमाणे राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, तो नंबर मागा. मी यातलं काहीच मागितलं नाही. जळगावला सराफ बाजारात तोळ्याचं नाणं घेताना पावती आणि हॉलमार्क दोनदा बघणारा मी!

पैशांचं म्हणाल तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरवर फोन केला, पण सतरा दिवसांनी. तोपर्यंत त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तिथे लगेच फोन गेला तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येते, हे मी दुकानात दुसऱ्यांना सांगत आलो होतो. स्वतःच्या वेळी आधी लाजेत आणि मग "आठ-दहा महिने थांबा"मध्ये दिवस घालवले. पोलिसांत तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. व्हॉइस मेसेज मी एकही पुसला नव्हता, ते सगळे पेन ड्राइव्हवर दिले. पैसे अजून आलेले नाहीत.

कुरळ्या बरा झाला. एप्रिलपर्यंत नव्या मिशा आल्या, सुईसारख्या सरळ, गालाच्या बाहेर चांगल्या दोन बोटं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे गेला तेव्हा तो मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडून राहायचा. लेक त्याला लांबून खेळवते आणि हात धुते. परत कुणाला द्यायचा विषय काढला तर जेवत नाही.

गेल्या आठवड्यातली जाहिरात ही: 'लापर्म पिल्लू, अमेरिकन जात, शेवटचा एकच पीस, 26 हजार.' फोटोत जागोजागी टक्कल पडलेलं पिल्लू आणि खाली लिहिलेलं, "ही जात जन्मतः टकली असते, केस नंतर कुरळे येतात." 1982 मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात सापडलेलं लापर्मचं पहिलं पिल्लू खरोखरच टकलं जन्मलं होतं. नंबर नवा आहे. व्हॉइस मेसेज मागवून ऐकला. आवाज तोच, सुरुवातही तीच: "भाऊ, घाई करू नका, आधी जात समजून घ्या."