पेनांगची ब्लू मॅन्शन: खोली घ्या, पण आधी भिंती बघा

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाऊन शहरात जुन्या घरांची हॉटेलं आता गल्लोगल्ली झाली आहेत. बऱ्याच ठिकाणी दर्शनी भाग तेवढा जुना, आत सगळा नवा माल. लेथ स्ट्रीटवरच्या चेओंग फॅट त्झे हवेलीचं तसं नाही. निळ्या रंगामुळे सगळे तिला ब्लू मॅन्शन म्हणतात. इथला चुना, लाकूड, फरशी, काच शक्य तिथे जागेवरच दुरुस्त केलेली आहे, आणि खोलीचं भाडं मोजायचं ते त्यासाठी. नुसता ऐषाराम हवा असेल तर पेनांगच्या किनाऱ्यावर भरपूर हॉटेलं आहेत.

हे घर बांधणारा व्यापारी चेओंग फॅट त्झे १८४० मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, हक्का समाजातल्या गरीब घरात जन्मला. पोरवयातच तो डच अमलाखालच्या बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला. सासऱ्यांच्या मदतीने दुकान थाटलं, मग डच लष्कराला रसद पुरवण्याची कंत्राटं, मग अफू, दारू, तंबाखूच्या करवसुलीचे मक्ते. नारळ, भात, रबराची लागवड आणि पेनांग ते सुमात्रा आगबोटी हा पसारा त्यातूनच उभा राहिला. अफूच्या मक्त्याचा भाग हॉटेलच्या जाहिरातीत मागे राहतो, पण त्या काळात आग्नेय आशियातल्या मोठ्या चिनी व्यापाऱ्यांची तिजोरी भरली ती बरीचशी याच मक्त्यांवर. ते वगळून हा वाडा समजत नाही.

१८९२ मध्ये त्यांनी चीनमधल्या यांताई इथे चांगयू ही वाइन कंपनी काढली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जागतिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदकं मिळाली. कंपनी आजही चालू आहे, मात्र कुटुंबाच्या हाती नाही. पेनांगमध्ये ते चीनचे उपवाणिज्यदूत होते आणि केक लोक सी मंदिराच्या मोठ्या देणगीदारांतही त्यांचं नाव आहे. १९१६ मध्ये बटाव्हियात ते वारले, तेव्हा डच आणि ब्रिटिश दोन्ही सरकारांनी झेंडे अर्ध्यावर उतरवले.

पुढची गोष्ट आपल्याकडच्या वाड्यांचीच. मृत्युपत्रात अट होती की शेवटचा मुलगा हयात असेपर्यंत हे घर विकायचं नाही. तो मुलगा १९८९ मध्ये गेला. तोवर धंदा विरला होता, खोल्याखोल्यांत भाडेकरू राहत होते, चौकात दोऱ्या बांधल्या होत्या आणि छप्पर गळत होतं. पण या अटीमुळेच घर पाडून तिथे इमारत उभी राहिली नाही, हेही खरं. त्यानंतर वास्तुविशारद लॉरेन्स लो, त्यांच्या पत्नी लिन ली लो-लिम आणि काही सहकाऱ्यांनी ते विकत घेतलं. दुरुस्तीचं काम नव्वदच्या दशकात झालं आणि २००० मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याला सर्वोच्च मान मिळाला. जॉर्ज टाऊन जागतिक वारसा यादीत आलं ते त्यानंतर, २००८ मध्ये.

आता भिंती. तो निळा रंग डब्यातला नाही, चुन्यात नीळ कालवून केलेली सफेदी आहे, आणि त्या काळी नीळ यायची ती ब्रिटिश व्यापारातून, हिंदुस्थानातून. जुन्या विटांच्या भिंतीत ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडतं. वर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग चढवला की ही वाट बंद होते. मग पाणी आणखी वर चढतं, त्यातले क्षार रंगामागे साचून फुगतात, लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. पुण्या-साताऱ्याकडचे कितीतरी वाडे असे हौसेने सिमेंट लावून खराब झाले आहेत. इथे चुन्याला चुनाच लावला आहे.

असं काम करायचं तर विझवलेला चुना पाण्याखाली निदान काही महिने मुरवावा लागतो. मग तो गाळून दुधासारखा पातळ करायचा, भिंत आधी भिजवायची आणि चार-पाच पातळ हात मारायचे. दोन हातांमध्ये एक दिवस तरी जाऊ द्यायचा. जाड थर दिला तर तडकतो, कडक उन्हात दिला तर घट्ट व्हायच्या आधीच सुकतो आणि पुढे भुकटी होऊन हाताला लागतो. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर दोन-तीन छटा उतरतो. निळीचा रंग उन्हात विटतोही, त्यामुळे ऊन-पावसाची झोड लागणारी बाजू आणि सावलीतली बाजू सारखी दिसत नाही. हा दोष मानू नका. सगळीकडे एकसारखा निळा दिसला असता तर तो ऑइलपेंटच असता.

मग मान वर करून छपराच्या कडा आणि त्रिकोणी भिंती बघा. फुलं, पक्षी, माणसं अशी रंगीत चित्रं दिसतात ती रंगवलेली नाहीत. जियान-न्यान नावाची ही दक्षिण चीनची कला आहे. याच कामासाठी भाजलेले पातळ, रंगीत चिनी मातीचे वाडगे पकडीने तोडतात. तुकड्याला पाकळीचा, पिसाचा, खवल्याचा आकार देतात आणि तारेच्या सांगाड्यावर थापलेल्या ओल्या चुन्यात एकेक रोवतात. वाडग्याचा मूळ बाक तुकड्यात राहतो, म्हणून पाकळी सपाट न दिसता खरीच वळलेली दिसते. एकाच फुलात काठाकडचा आणि बुडाकडचा तुकडा यांचा बाक वेगळा, हे लक्ष देऊन पाहिलं तर ओळखता येतं. बिघडतं ते आतून: पाणी शिरलं की तार गंजते, फुगते आणि तुकडे उडवते. इथल्या दुरुस्तीसाठी चीनहून कारागीर आणले होते. दुर्बीण असेल तर न्या.

घराच्या रचनेत पाच चौक, ३८ खोल्या, ७ जिने आणि २२० खिडक्या. मधल्या चौकाला ग्रॅनाइटची फरशी आहे, पावसाचं पाणी तिथे येतं. फेंगशुईत ते संपत्ती साठण्याचं लक्षण मानतात. शास्त्र बाजूला ठेवलं तरी त्या चौकाने घरात हवा खेळती राहते, हे दुपारी दोन वाजता तिथे उभं राहिल्यावर पटतं. घर रस्त्याशी किंचित तिरकं आहे, तेही फेंगशुईच्या हिशेबाने: पाठीला डोंगर, तोंड समुद्राकडे. चौकाभोवतीचं ओतीव लोखंड ग्लासगोचं, फरशा इंग्लंडमधल्या स्टोकच्या, दारांवरची सोनेरी जाळी चिनी. या फरशांत रंग वरून छापलेला नसून मातीतच असतो, म्हणून झिजल्या तरी नक्षी टिकते. ऍसिडने पुसल्या तर मात्र पृष्ठभाग खरवडून निघतो.

राहायला मोजक्याच खोल्या आहेत आणि प्रत्येकीचा आकार निराळा. आरक्षण करताना खोली मुख्य घरात आहे की बाजूच्या भागात, खिडकी चौकात उघडते की बाहेर, हे नावानिशी विचारून घ्या. लाकडी तक्तपोशीवर पावलांचा आवाज खाली जातो, म्हणून झोप सावध असेल तर वरच्या मजल्यावरची खोली बरी. गुडघे दुखत असतील तर उलट, तळमजला मागा. वर जायला लाकडी जिने चढावे लागतात. समोरच्या रांगेतली घरं चेओंग यांनीच बांधली होती, तिथे आता खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. रात्री रस्त्याच्या बाजूला थोडी जाग असते.

मुक्काम परवडत नसेल तरी मार्गदर्शकासोबतचा फेरफटका चुकवू नका. तो सुमारे पाऊण तासाचा असतो आणि ठरलेल्या वेळांनाच निघतो, म्हणून वेळ आधी ठरवून घ्या. सकाळचा पहिला फेरा घेतला तर चौकात ऊन तिरकं पडतं आणि लोखंडी कठड्यांची नक्षी नीट दिसते. राहणाऱ्यांना फायदा एवढा की फेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर चौक जवळपास मोकळा मिळतो.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची काळजी करू नये. लिटल इंडिया चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तिथे केळीच्या पानावरचा भात आणि डोसे मिळतात. मात्र दुपारी बाराच्या उन्हात चालू नका. दुकानांपुढच्या छपराखालच्या वाटांनी गेलात तर सावली मिळते, फक्त मध्येच पायरी वर-खाली होते, तिकडे लक्ष ठेवा.