सेल्फ-डायरेक्टेड आयआरए की सोलो ४०१(के)? घर घेणाऱ्यांसाठी, उसने देणाऱ्यांसाठी

अमेरिकेत नोकरी बदलली की जुन्या ४०१(के)ची, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्याची, रक्कम बऱ्याचदा तशीच पडून राहते. तिच्यातून भाड्याचं घर घ्यावं किंवा कुणाला व्याजाने द्यावी, असं मनात आलं की दोन निवृत्ती खाती समोर येतात: सेल्फ-डायरेक्टेड आयआरए, म्हणजे गुंतवणूक तुम्हीच निवडता असं वैयक्तिक खातं, आणि सोलो ४०१(के), म्हणजे स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याचं ४०१(के).

सोलो सगळ्यांना मिळत नाही. स्वतःच्या व्यवसायाची कमाई हवी आणि जोडीदार सोडून पूर्णवेळ नोकर नको. नुसती नोकरी असेल तर आयआरएच.

पैसे कुणाला देता येतात, हा नियम दोन्हींकडे सारखाच. जोडीदार, आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, सून, जावई यांना खात्यातून एक डॉलरही द्यायचा नाही. भाऊ, बहीण, पुतण्या, भाची मात्र या यादीत नाहीत. म्हणजे भावाच्या दुकानाला कर्ज देता येतं, जावयाच्या नाही. भावाचं कर्जही कागदावर हवं, व्याज ठरलेलं हवं आणि हप्ते खात्यातच यायला हवेत. तोच पैसा फिरून तुमच्या खिशात आला, तर नातं कोणतंही असो, व्यवहार बादच.

स्वतःला पैसे लागले तर? आयआरएतून कर्ज मिळत नाही. सोलोच्या करारात तशी तरतूद असेल, तर शिलकेच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, व्याजाने घेता येते. फेड साधारण पाच वर्षांत, निदान तिमाही हप्त्यांनी.

खरा फरक कर्ज काढून घर घेताना पडतो. दोन्हीकडे तुम्ही स्वतः जामीन राहू शकत नाही. बँकेला फक्त त्या घरावरच वसुली करता येईल असंच कर्ज लागतं. पण आयआरएत घराची निम्मी किंमत कर्जाची असेल, तर खर्च वजा जाता भाड्याच्या साधारण निम्म्या नफ्यावर खात्याला कर बसतो. सोलोला ठरावीक अटींवर यात सूट आहे. त्या घरात स्वतः रंग लावणं किंवा सुट्टीत आईवडिलांना ठेवणं दोन्हीकडे वर्ज्य.

आयआरएची मला भीती वाटते ती चूक झाल्यावर होणाऱ्या शिक्षेमुळे. पारंपरिक (करपूर्व पैशांच्या) आयआरएत २,००,००० डॉलर आहेत आणि त्यातले १०,००० मुलाला उसने दिले, तर कर १०,०००वर लागत नाही. त्या वर्षाच्या १ जानेवारीला अख्खं खातंच काढून घेतलं असं धरतात. वय साडेएकोणसाठच्या आत असेल, तर वर १० टक्के दंड. सोलोत दंड आधी गुंतलेल्या रकमेच्या १५ टक्के असतो. चूक दुरुस्त केली नाही, तर १०० टक्के.

आयआरएला कस्टोडियन, म्हणजे खातं सांभाळणारी संस्था, लागतो, पण गुंतवणूक चांगली की वाईट हे तो तपासत नाही. सोलोत विश्वस्त तुम्हीच होऊ शकता, म्हणून कागदपत्रांची काळजीही तुमचीच. शिल्लक २,५०,००० डॉलरवर गेली की दरवर्षी करखात्याचा ५५००-ईझेड फॉर्म भरायचा.

सोलोला पात्र असाल आणि घर कर्जावर घ्यायचं असेल, तर मी सोलोच सुचवेन. जुन्या ४०१(के)ची किंवा पारंपरिक आयआरएची करपूर्व रक्कम त्यात वळवता येते. रॉथ (कर भरलेल्या पैशांच्या) आयआरएची येत नाही.