त्रिज्या, व्यास की परीघ: गोल वस्तूचं नेमकं काय मोजावं?

अंगणातल्या कडुलिंबाला गोल पार बांधायचाय, गच्चीवरच्या टाकीला उन्हाळ्याआधी गोणपाट गुंडाळायचंय, किंवा गंजाला, म्हणजे गोल तोंडाच्या पातेल्याला, झाकण आणायला नागपूरच्या इतवारी बाजारात जायचंय. कामं तिन्ही वर्तुळाचीच, पण टेप कुठे लावायचा हे प्रत्येक वेळी वेगळं ठरतं. सातवी-आठवीतल्या मुलांना आपण सूत्रं पाठ करायला लावतो, ही निवड मात्र शिकवत नाही. मला ती सूत्रांपेक्षा महत्त्वाची वाटते.

केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. केंद्रातून जाऊन दोन्ही कडांना टेकणारी रेघ म्हणजे व्यास, त्रिज्येच्या दुप्पट. कडेकडेनं पूर्ण फेरी मारली की परीघ, आणि तो व्यासाच्या ३.१४ पटीच्या जवळपास. तिघांपैकी एक कळलं की उरलेली दोन गणितानं निघतात. म्हणून जे सर्वांत कमी चुकेल ते मोजावं आणि बाकीचं काढावं.

वर्तुळ नव्यानं आखायचं असेल तर त्रिज्येला तोड नाही. कंपास घ्या, नाहीतर खुंटी आणि दोरी. पण आधीच तयार असलेल्या वस्तूची त्रिज्या मोजायला जाऊ नये, कारण तिच्यावर केंद्राची खूण नसते. ३० सेंमी व्यासाच्या गंजाचं केंद्र अंदाजानं धरलं आणि एक सेंमी चुकलं, तर त्रिज्या १५ ऐवजी १६ भरू शकते. त्यावरून व्यास ३२ निघतो आणि क्षेत्रफळ जवळजवळ १४ टक्क्यांनी फुगतं, कारण क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग असतो.

व्यास चुका पोटात घालतो. त्याच गंजाच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवली आणि ती केंद्रापासून एक सेंमी बाजूला गेली, तर आपण व्यास नाही, एक जीवा (कडेवरचे दोन बिंदू जोडणारी रेघ) मोजतो. पण तिची लांबी २९.९३ सेंमी भरते, म्हणजे चूक एक मिलिमीटरही नाही. तीन सेंमी सरकली तरी २९.३९. सर्वांत लांब जीवा म्हणजेच व्यास, त्यामुळे पट्टी थोडी इकडेतिकडे सरकवत जे सर्वांत मोठं माप येईल ते धरावं. झाकणासाठी हेच माप न्या.

केंद्र हवंच असेल, समजा मधोमध भोक पाडायचंय, तर गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोनी साधन, वापरा. त्याचा काटकोन कडेवर टेकवा. त्याच्या दोन बाजू कडेला जिथे छेदतात ते बिंदू जोडले की व्यास मिळतो. दुसऱ्या जागी पुन्हा तेच करा, दोन्ही व्यास छेदतील ते केंद्र.

आता झाड. खोडाच्या आरपार पट्टी जात नाही, म्हणून वनखात्याची माणसंही छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, टेप गुंडाळून घेरच मोजतात. इथे परिघाचा मोठा फायदा आहे: घेर मोजताना एक सेंमी चुकलं तर व्यासात जेमतेम तीन मिलिमीटरची चूक येते. सुतळी मात्र टाळा, ती ताणली जाते. शिंप्याचा टेप बरा.

समजा कडुलिंबाचा बुंध्याशी घेर १५७ सेंमी. त्याला ३.१४ नं भागलं की व्यास ५०, त्रिज्या २५. पार सालीपासून एक मीटर रुंद हवा, म्हणजे त्याची त्रिज्या १२५ आणि कडेच्या विटांसाठी परीघ ७८५ सेंमी. पाराच्या क्षेत्रफळातून खोडाचं वजा केलं की फरशी बसवायची जागा ४.७१ चौरस मीटर. ७८५ मधून १५७ वजा करा, ६२८ उरतात. खोड बारीक असो की जाड, सालीपासून एक मीटर बाहेर गेलं की परीघ ६२८ सेंमीनंच वाढतो. मुलांना हे शेजारच्या दोन झाडांवर करून दाखवा. त्यांचा विश्वास बसत नाही, मग ती स्वतःच मोजतात.

टाकीचं काम सोपं. बाहेरून टेप फिरवा, त्या परिघाला उंचीनं गुणा, झालं गोणपाट.

शेवटी २२/७ घ्यायचं की ३.१४? परीघ व्यासाच्या जितके पट असतो त्या संख्येला पाय (π) म्हणतात, आणि तिची खरी किंमत ३.१४१५९… अशी न संपणारी. २२/७ तिच्यापेक्षा किंचित मोठं आणि ३.१४ किंचित लहान आहे, पण दोघांत २२/७ जास्त जवळचं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी २२/७ असं स्पष्ट सांगून ठेवलंय. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यास १२० फूट धरला, तर २२/७ नं परीघ ३७७.१४ फूट येतो आणि ३.१४ नं ३७६.८. एवढ्या भव्य घुमटाच्या फेरीत दोन किमतींचा फरक फक्त चार इंचांचा. तेव्हा माप सातच्या पाढ्यात बसत असेल तर २२/७ घ्या, दशांशात असेल तर ३.१४. परीक्षेत मात्र प्रश्नात जी किंमत दिली असेल तीच वापरावी.